आधी राहून बघा, मग ठरवा!

मित्रांनो, आपण ब्रँच कशी निवडली? मेरिट लिस्ट, कट-ऑफ आणि शेजारच्या दादाचा सल्ला! इंग्लंडमध्ये मात्र 'समर स्कूल' नावाची एक मस्त सोय आहे. आपल्या अकरावी-बारावीला तिथे 'सिक्स्थ फॉर्म' म्हणतात. त्यातल्या पहिल्या वर्षाची मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत काही दिवस विद्यापीठाच्या होस्टेलवर राहतात, लेक्चर्सना बसतात, मेसमध्ये जेवतात आणि सीनियर्सना मनातले सगळे प्रश्न विचारतात.

पीटर लॅम्पल यांच्या सटन ट्रस्टने १९९७ साली ऑक्सफर्डला अशी पहिली समर स्कूल भरवली. राहणं, जेवण, प्रवास सगळं फुकट! प्राधान्य कोणाला? सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांतल्या, घरात कोणी पदवीधर नसलेल्या हुशार मुलांना. कारण अडचण नुसती मार्कांची नसते. 'हे आपलं ठिकाण नाही' ही धास्तीच अर्ज भरू देत नाही.

शिवाय तिथेही अर्ज ठरावीक कोर्ससाठीच करायचा असतो. मग चार दिवसांत 'हा विषय आपला नाही' एवढं कळलं, तरी फायदाच! तेच पहिल्या सेमिस्टरनंतर कळलं तर किती महागात पडतं, हे आपल्या होस्टेलवर कोणालाही विचारा.