फट दिसली, तर आधी कोणाला सांगावे?
संगणक शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

समजा, चाळीत शेजाऱ्याच्या दाराची कडी ढिली झाली आहे. जरा हिसका दिला की दार उघडते, हे आपल्या लक्षात आले. आपण काय करू? जिन्यात उभे राहून ओरडणार नाही, कारण ऐकणाऱ्यांत चोरही असू शकतो. गप्पही बसणार नाही, कारण आज आपल्याला दिसले ते उद्या चोराला दिसेल. आपण शेजाऱ्याला बाजूला घेऊन सांगू, 'कडी बदलून घ्या.' त्याने कानाडोळा केला, तर चार जाणत्या माणसांच्या कानावर घालू.

संगणकाच्या प्रोग्राममध्येही अशा ढिल्या कड्या राहून जातात. प्रोग्राम माणसेच लिहितात आणि माणसाकडून काहीतरी निसटतेच. आज आपला पगार, बँकेचे खाते, रेल्वेचे तिकीट, दवाखान्याचे कागद या सर्वांची दारे अशा प्रोग्रामवरच उभी आहेत. आपल्या घरांतूनही मुले-मुली संगणकाचे शिक्षण घेऊन बाहेर पडत आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला अशी फट दिसली, तर तिचे काय करावे हे त्याला आधीच ठाऊक असले पाहिजे.

एका तरुणाने काय केले?

२००८ सालच्या सुरुवातीला अमेरिकेतील डॅन कामिन्स्की या तरुण तज्ज्ञाला इंटरनेटच्या अगदी पायातच एक फट सापडली. आपण बँकेच्या संकेतस्थळाचे नाव टाइप करतो, तेव्हा आपला संगणक आधी त्या नावाचा नंबर विचारतो. टेलिफोन डिरेक्टरीत नाव पाहून नंबर काढावा, तसेच हे काम आहे. या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. तिच्यात प्रत्येक प्रश्नासोबत एक खूणक्रमांक जातो आणि उत्तर त्याच क्रमांकाचे आले तरच ते खरे मानले जाते. पण असे क्रमांक होते अवघे ६५,५३६. कामिन्स्कीच्या ध्यानात आले की, एका खास युक्तीने खोट्या उत्तरांचा मारा केला, तर खरा क्रमांक काही सेकंदांत जुळवता येतो. मग माणूस नाव बँकेचे टाकणार आणि पोहोचणार चोराच्या पानावर!

ही फट विकली असती तर त्याला मोठी रक्कम मिळाली असती. जाहीर केली असती तर एका दिवसात नाव झाले असते. त्याने दोन्ही केले नाही. डीएनएसचे जाणकार पॉल व्हिक्सी यांना त्याने गुपचूप कळवले. ३१ मार्च २००८ रोजी मायक्रोसॉफ्टच्या आवारात सोळा तज्ज्ञ जमले आणि दुरुस्ती ठरली. एका कंपनीने आधी दुरुस्ती दिली असती, तर तिच्यावरून चोरांनी फट ओळखली असती आणि बाकीचे उघडे पडले असते. म्हणून ८ जुलै रोजी अनेक कंपन्यांनी एकाच दिवशी दुरुस्ती बाहेर काढली.

पुढे महिनाभर तपशील सांगायचा नाही, असे कामिन्स्कीने ठरवले होते. पण तेराव्याच दिवशी तो फुटला आणि लगोलग हल्ल्याची तयार अवजारे फिरू लागली. तरीही तोवर दुरुस्ती बहुतेकांना उपलब्ध झालेली होती. गुप्तता कायमची टिकत नाही, म्हणून मिळालेल्या वेळात दुरुस्ती उरकणे हेच खरे काम होय. २०२१ साली कामिन्स्की वयाच्या ४२ व्या वर्षी मधुमेहाने वारला.

लपवले तर काय होते?

दुसरे उदाहरण उलट आहे. अमेरिकेच्या एनएसए या हेरसंस्थेला विंडोजमधील एक फट ठाऊक होती. मायक्रोसॉफ्टला न कळवता तिने ती आपल्या कामासाठी वापरली. पुढे तिची अवजारे चोरीला गेली. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली, पण असंख्य संगणकांवर ती बसवलीच गेली नाही. एप्रिलमध्ये चोरांनी अवजारे उघड केली. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' हा विषाणू पसरला आणि इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांतील हजारो रुग्णांच्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्या.

२७ जून रोजी 'नॉटपेट्या' आला. पसरण्यासाठी त्याने वापरलेल्या वाटांपैकी हीच एक फट होती. त्याचा तडाखा आपल्या न्हावा-शेवा बंदरापर्यंत पोहोचला. मर्स्क समूहाच्या ताब्यातील तेथील टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि काम हाताने करण्याची पाळी आली. फट लपवली कोणी आणि भोगले कोणी!

कायदा काय म्हणतो?

कामिन्स्की अकरा वर्षांचा असताना त्याच्या घरी एका सरकारी अधिकाऱ्याचा फोन आला. 'तुमचा मुलगा लष्कराच्या संगणकांत शिरला आहे, तुमचे इंटरनेट तोडतो,' असा दम त्याने भरला. आई डगमगली नाही. 'तोडलेत तर अकरा वर्षांचे पोर तुमच्या यंत्रणेत शिरते, अशी वर्तमानपत्रात जाहिरात देईन,' असे तिने सुनावले. शेवटी तीन दिवस इंटरनेट बंद, यावर तडजोड झाली.

ही गोष्ट ऐकायला गमतीची आहे, पण आपल्या मुलांनी तिच्यावर विसंबू नये. आपल्याकडील माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४३ नुसार परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरल्यास भरपाई द्यावी लागते. तेच काम अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. 'मी मदतच करत होतो' एवढे म्हणून सुटका होईलच असे नाही. म्हणून पुढील पथ्ये पाळावीत.

पथ्ये

१. तपासणी स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या यंत्रावर करावी; किंवा कंपनीने लेखी मुभा दिली असेल तेथेच, तिच्या अटींत राहून करावी.

२. फट दिसताच थांबावे. दुसऱ्याची माहिती पाहू नये, उतरवून घेऊ नये.

३. फट कोठे आहे, कशी दिसली, तिने काय नुकसान होईल, हे तारखेसह स्पष्ट लिहून कंपनीच्या सुरक्षा विभागाला कळवावे. प्रत जपून ठेवावी.

४. दुरुस्तीला वेळ द्यावा. गूगलचा 'प्रोजेक्ट झिरो' हा तज्ज्ञांचा गट साधारणपणे ९० दिवसांची मुदत देतो.

५. उत्तर आले नाही, तर केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेकडे कळवावे. २००४ पासून ती काम करते आणि अशा सूचना कंपनीपर्यंत पोहोचवते.

६. पैशासाठी धमकी देऊ नये. १९९५ साली नेटस्केप कंपनीने फट दाखवणाऱ्यास बक्षीस देण्याची प्रथा सुरू केली आणि आज अनेक कंपन्या ते देतात. कंपनी देईल ते बक्षीस. 'पैसे द्या, नाहीतर जाहीर करतो' ही मात्र खंडणी होय.

राहिली आपली, संगणक न शिकलेल्यांची जबाबदारी. कोणीतरी प्रामाणिकपणे फट कळवतो, कंपनी दुरुस्ती करते आणि ती आपल्या मोबाईलवर 'अपडेट' म्हणून येते. आपण 'नंतर' म्हणून ती ढकलत राहिलो, तर आपल्यापुरती सर्वांची मेहनत वाया जाते. तेव्हा आज रात्री घरातील सर्वांचे मोबाईल एकदा तपासून घ्या आणि राहिलेली दुरुस्ती बसवून टाका.