डोंगर रंगवायचा तर आधी काळा

आजचा भाग शिराळ्याच्या घरी, माळ्यावर बसून रेकॉर्ड केलाय. मध्येच कुकरची शिट्टी ऐकू आली तर चालवून घ्या.

विषय आहे टेबलावरच्या युद्धखेळाचा टेरेन बोर्ड. म्हणजे इंचभर उंचीचे सैनिक ज्याच्यावर लढतात ती छोटी जमीन. १८१२ मध्ये प्रशियाच्या राजाला असला एक आख्खा टेबल सादर झाला होता. पण दिवाळीत अंगणात किल्ला केलेल्या माणसाला हे काम निम्मं येतंच. फरक मापाचा. आपल्या किल्ल्यावर मावळा बुरुजाएवढा आणि महाराज दरवाजाच्या दुप्पट असले तरी कुणी काही बोलत नाही. इथे माप पाळावं लागतं.

मी करत होतो पावनखिंड, १३ जुलै १६६०. सैनिक २८ मिलिमीटरचे, म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण साठावा भाग. या मापात पन्हाळा ते विशाळगड दाखवायचं तर बोर्ड अर्ध्या किलोमीटरच्या वर जाईल! म्हणून फक्त खिंडीचं तोंड घेतलं, २ फूट बाय २ फूट.

पहिला डोंगर मी मारला. थर्मोकोल कापला, चिकटवला आणि घाईत स्प्रेचा डबा फवारला. स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्मोकोल विरघळवतं, हे बीटेकच्या केमिस्ट्रीत शिकलो असणार. दहा मिनिटांत कड्याची चाळण झाली. दुसऱ्या वेळी आधी फेव्हिकॉल, पाणी आणि काळा अ‍ॅक्रेलिक रंग एकत्र करून सगळीकडे फासला, आणि ओला असतानाच चहाच्या गाळणीने मोरणेची वाळू भुरभुरली. हा थर वाळला की थर्मोकोल झाकला जातो. तरी स्प्रे नकोच, ब्रशच वापरा.

मग वर सरळ चॉकलेटी रंग दिला. नववीतली चुलत बहीण बघून म्हणाली, "दादा, ह्यो डोंगर न्हाय, केक हाय." आणि खरंच, केकच होता.

का? खऱ्या कड्याला ऊन लागतं, फटीत गडद सावली पडते. एवढ्याशा खाचेत ट्यूबलाइटची सावली दिसण्याइतकी पडत नाही. म्हणून ती आपण रंगाने पाडायची. काळा तळाला ठेवायचा, कारण फटीत तोच उरायला हवा. वर तपकिरी, पण खाचा सोडून. त्यानंतर ड्रायब्रश: ब्रशला फिका रंग घ्यायचा, जुन्या बनियनवर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि खडकावरून हलकेच फिरवायचा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो. मग अजून फिका, अजून कमी. इथे हात जड पडला की सगळं पिठात लोळल्यासारखं दिसतं. माझं दोनदा दिसलं.

रंग कोणता, तर बाहेर जाऊन बघा. आपला खडक बसॉल्ट, ओला असला की काळा, उन्हात वाळला की राखाडी, झिजला की तांबूस. लाव्हाचे थर एकावर एक बसल्यामुळे आपल्या डोंगरांना आडव्या पायऱ्या असतात. परदेशी व्हिडिओत बघून मी उभे टोकदार सुळके कापले होते, ते काढून टाकले. आणि लढाई आषाढातली, म्हणून तळाशी ओला काळा जास्त ठेवला आणि चिखलावर पाण्यासारखी चमक यावी म्हणून वॉर्निश लावलं. गवताला मात्र हळीव पेरायचा मोह आवरला. दिवाळीच्या किल्ल्यावर तो शोभतो, पण या मापात एकेक रोप झाडाएवढं होतं.

आता मुख्य मुद्दा. रंग नुसता दिसायला नसतो. खेळात चढावर चाल निम्मी होते, चिखलात त्याहून कमी. चढ कुठे सुरू होतो हे रंगावरून कळलं नाही तर दर डावाला भांडण. पहिल्या डावात तेच झालं. बहीण म्हणे तिची तुकडी सपाटीवर, मी म्हणे चढावर. रात्री बसून चढाच्या पायथ्याला फिक्या मातीची एक रेघ ओढली, पायवाटेसारखी.

दुसऱ्या दिवशी बांदल मावळे तिच्याकडे होते. खिंडीत दोनच सैनिक शेजारी उभे राहू शकतात, त्यामुळे माझी पन्नास माणसं मागे नुसती चिखलात उभी. तोफांचा इशारा ठरल्या फेरीला झाला आणि मी हरलो.