मुसोलिनीचे ज्यूविरोधी कायदे हिटलरने लादले नव्हते

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘ज्यूंचा छळ केला हिटलरने. मुसोलिनी बिचारा जर्मनीच्या दडपणाखाली होता.’ चांगली वाचणारी माणसंही हे छातीठोकपणे सांगतात, तेव्हा संताप येतो. कारण या दडपणाला पुरावा नाही.

तारखा पाहा. 14 जुलै 1938 रोजी इटलीत वंशवादी शास्त्रज्ञांचा जाहीरनामा निघाला. ज्यू इटालियन वंशाचे नाहीत, असं त्यात ठासून म्हटलं होतं. मुसोलिनीचा जावई आणि परराष्ट्रमंत्री गालेआत्सो चानो याने रोजनिशीत नोंदवलं आहे की, हा मजकूर जवळजवळ सगळा आपणच तयार केला, असं मुसोलिनीने त्याला सांगितलं. 22 ऑगस्टला ज्यूंची शिरगणती झाली. ते भरले सुमारे 47 हजार, म्हणजे हजार माणसांमागे एखादा. 5 सप्टेंबरच्या वटहुकमाने ज्यू शिक्षक आणि विद्यार्थी सरकारी शाळांबाहेर काढले गेले. जर्मनीने ज्यू मुलांना सरकारी शाळांत सरसकट बंदी घातली ती 15 नोव्हेंबरला. दडपणाखालचा माणूस दडपण आणणाऱ्याच्या दोन महिने पुढे कसा असेल?

17 नोव्हेंबरला मुख्य कायदा आला. ‘आर्य’ व्यक्तीशी लग्न, सैन्य, सरकारी नोकरी, ठरावीक मोलापुढची घरं-जमिनी, घरात ‘आर्य’ मोलकरीण ठेवणं, सगळं बंद. नंतर परिपत्रकं निघत राहिली. घरातला रेडिओ जमा करा, टेलिफोनच्या यादीतून नाव काढा, वर्तमानपत्रात मृत्यूची बातमीही देऊ नका.

जर्मनीशी मैत्री घट्ट करण्याचा हेतू यामागे होता, हे खरं. पण बर्लिनने अशी मागणी केली नव्हती, हे इतिहासकार रेन्झो दे फेलिचे यांनी 1961 सालीच मांडलं. शिवाय इटलीच्या ताब्यातल्या इथिओपियात आफ्रिकी स्त्रीबरोबर संसार थाटणाऱ्या इटालियन पुरुषाला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा कायदा याच राजवटीने 1937 साली केला होता. वंशभेद तिला शिकवावा लागला नाही.

सप्टेंबर 1943 मध्ये जर्मन फौजांनी उत्तर आणि मध्य इटली व्यापली, तेव्हा ज्यूंच्या याद्या इटालियन कचेऱ्यांत तयार होत्या. 30 नोव्हेंबरला सर्व ज्यूंना अटक करण्याचा हुकूम मुसोलिनीच्याच सरकारने काढला. मिलानच्या लिलियाना सेग्रे यांचं नाव 1938 साली, आठव्या वर्षी, शाळेतून काढलं गेलं. 30 जानेवारी 1944 रोजी त्यांना वडिलांसह मिलानच्या मध्यवर्ती स्थानकातून आउशवित्सच्या छावणीत पाठवलं. गाडी सुटली ती फलाटांखालच्या, टपालाचे डबे भरण्याच्या जागेतून. वडील परतले नाहीत. लिलियाना वाचल्या आणि 2018 साली तहहयात सिनेटर झाल्या.

आणखी काही गैरसमज:

‘फॅसिस्ट पक्षात ज्यू होतेच की!’ होते. आल्दो फिन्त्सी मुसोलिनीच्या पहिल्या सरकारात गृहखात्याचे उपमंत्री होते. 24 मार्च 1944 रोजी रोममधल्या आर्देआतिने गुहांत जर्मनांनी गोळ्या घातलेल्या 335 जणांत तेही होते.

‘युद्धात पराक्रम गाजवलेल्या ज्यूंना सूट होती.’ फक्त काही निर्बंधांतून. शाळा त्यांच्या मुलांनाही बंदच राहिल्या.

‘इटालियन लोकांनी ज्यूंना वाचवलं.’ अनेकांनी जिवावर उदार होऊन वाचवलं, त्यांचा मान राखायलाच हवा. पण इटलीतून जवळपास 7 हजार ज्यू छावण्यांत पाठवले गेले, त्यांतले हजारही परतले नाहीत.

छळाचा इतिहास शिकवताना छावणीपासून सुरुवात करू नका. शिरगणतीपासून करा, शाळेच्या हजेरीपटातून खोडलेल्या नावापासून करा. थांबवणं शक्य होतं ते तिथेच.