आजीच्या पोळीचं गणित

मुलांनो, घरात आजीला मधुमेह आहे? डॉक्टरांनी '१५०० कॅलरी, निम्म्या कर्बोदकांतून' असं सांगितलंय? घाबरू नका, हा नुसता भागाकार आहे. निम्म्या म्हणजे ७५०. एक ग्रॅम कर्बोदकांतून ४ कॅलरी मिळतात (तेल-तुपातून ९!), म्हणून ७५० भागिले ४. आले साधारण १८७ ग्रॅम.

आता स्वयंपाकघरात चला. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत सुमारे २० ग्रॅम कर्बोदकं. दिवसाच्या चार पोळ्यांचे ८० झाले. उरलेल्या १०७ मध्ये भात, वरण, दूध, फळ बसवायचं. आणि चहा? चमचाभर साखर ५ ग्रॅम, सगळी कर्बोदकंच. चार कप, दोन-दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅम. दोन पोळ्या गेल्या की! "भाकरी कितीही चालते" हेही खरं नाही बरं का. ज्वारीत कर्बोदकं जवळजवळ गव्हाइतकीच.

पण आजी गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशी राहिली, तर रक्तातली साखर एकदम उतरते. घाम येतो, हात थरथरतात. ती शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या आणि मोठ्यांना हाक मारा. त्या वेळी हिशेब नको!

हो, १५०० चा आकडा आजीचा. वाढत्या वयात तुम्ही पोटभर जेवा.