इंग्रजीतील इच्छादर्शक रचना आणि वृत्तिदर्शक साहाय्यक क्रियापदे

मराठीत इच्छा व्यक्त करण्याचे काम बहुधा क्रियापदाचे रूपच करते. ‘पाऊस पडावा’ यातील विध्यर्थ किंवा ‘तुझे कल्याण होवो’ यातील आज्ञार्थ यांना साहाय्यक शब्दाची गरज भासत नाही. इंग्रजीतही पूर्वी अशी रूपे होती. प्रत्यय झिजत गेले, तसे त्यांचे बरेचसे कार्य ‘मे’, ‘वुड’, ‘कुड’ या वृत्तिदर्शक क्रियापदांकडे आले. ‘गॉड सेव्ह द किंग’ यात ‘सेव्ह’ला ‘एस’ लागत नाही. तो जुन्या रचनेचा अवशेष होय.

आशीर्वादपर ‘मे यू लिव्ह लाँग’ मराठीतील ‘तुला दीर्घायुष्य लाभो’शी सहज जुळते. खरी अडचण ‘विश’नंतर उद्भवते. ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ याचे भाषांतर ‘आय विश यू शुड कम’ किंवा ‘आय विश यू विल कम’ असे केले जाते. पहिल्या चुकीचे मूळ मराठीत आहे. विध्यर्थाचे ‘-आवे’ हे रूप कर्तव्य आणि इच्छा असे दोन्ही अर्थ वाहते. ‘-आवे म्हणजे शुड’ हे समीकरण वर्गात सोयीसाठी पाठ करून घेतले जाते. ती सोय येथे महाग पडते.

दुसऱ्या चुकीचे कारण निराळे आहे. पूर्ण होण्याजोग्या इच्छेसाठी इंग्रजी ‘आय होप यू विल कम’ असे म्हणते. वस्तुस्थितीविरुद्ध इच्छेसाठी मात्र ‘विश’ व त्यापुढे भूतकाळी रूप येते. ‘आय विश आय कुड स्विम’ म्हणणाऱ्यास पोहता येत नाही. हा ‘कुड’ भूतकाळ दाखवीत नाही, वास्तवापासूनचे अंतर दाखवितो. ‘मला पोहता येत असते तर किती बरे झाले असते’ या मराठी वाक्यातही नेमके हेच घडते. म्हणून ‘विश’चे अध्यापन विध्यर्थापासून नव्हे, संकेतार्थापासून सुरू करणे अधिक सयुक्तिक ठरते. हुकलेल्या संधीसाठीचे ‘कुड हॅव’ही मग वेगळे शिकवावे लागत नाही.

‘वुड’मध्ये कर्त्याची तयारी अभिप्रेत असते. ‘आय विश ही वुड लिसन’ यात तो ऐकत नसल्याची नाराजी आहे. स्वतःविषयी ‘आय विश आय वुड’ सहसा म्हणत नाहीत, ते यामुळेच. (पावसाला इच्छा नसते, तरी ‘आय विश इट वुड स्टॉप रेनिंग’ मात्र सर्रास चालते.) महाविद्यालयाच्या निमंत्रणपत्रात प्रमुख पाहुण्यांना ‘वुई विश यू वुड कम’ असे लिहिले, तर ती विनंती न राहता तक्रार होते, तेथे ‘वुई होप यू विल कम’ हवे.