एचआयव्ही प्रतिबंधक लस आणि आपली आनुवंशिक जडणघडण

एचआयव्हीचा संसर्ग रोखणारी मान्यताप्राप्त लस अद्याप उपलब्ध नाही. लस शरीराला विषाणूची ओळख करून देते. पेशीत शिरलेल्या विषाणूचे अंश पेशीच्या पृष्ठभागावर मांडून प्रतिकारसंस्थेला सावध करण्याचे काम ‘एचएलए’ ही प्रथिने करतात. त्यांचे प्रकार आईवडिलांकडून वारशाने मिळतात आणि लोकसमूहांनुसार त्यांचे प्रमाण भिन्न असते. त्यामुळे एकाच लसीला सर्वांचे शरीर सारखाच प्रतिसाद देईल असे नाही.

थायलंडमधील चाचणीत लसीमुळे संसर्गाचा धोका सुमारे ३१ टक्क्यांनी घटल्याचे २००९ मध्ये दिसून आले. पुढील अभ्यासात ‘ए-०२’ हा एचएलए प्रकार असणाऱ्यांना काही विषाणूंविरुद्ध अधिक संरक्षण मिळाल्याचे संकेत आढळले. म्हणूनच केवळ परदेशातील निष्कर्षांवर विसंबता येत नाही. भारतात आढळणाऱ्या ‘सी’ उपप्रकारावर आधारित लसीची देशातील पहिली चाचणी २००५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत सुरू झाली.

मात्र कोणतीही जात, प्रदेश वा कुळ एचआयव्हीपासून जन्मतः सुरक्षित नाही. ‘बी-५७’सारखे प्रकार आजाराची गती मंदावतात, संसर्ग टाळत नाहीत. आपण निरोध वापरावा व शासकीय समुपदेशन व चाचणी केंद्रात तपासणी करून घ्यावी. तपासणी व उपचार विनामूल्य असून गोपनीयता पाळली जाते. अधिक माहितीसाठी १०९७ या क्रमांकावर संपर्क साधावा.