शरदातील पथ्यभाज्या आणि खारपाणपट्टा

शरद ऋतूत पित्त प्रकुपित होते. म्हणून तिक्त, मधुर व लघु आहार आपण रुग्णास सांगतो. परंतु पडवळ, कारले आश्विनात ताटात यावयाचे, तर वेल श्रावणातच लावावे लागतात. फळ हाती येण्यास सुमारे दोन महिने जातात. पालकास भाद्रपद पुरे. मुळा मात्र पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने थोडाथोडा पेरावा. चरकांनी कोवळा मुळा दोषहर, तर जून मुळा त्रिदोषकर मानला आहे; आणि बाजारात बहुधा जूनच मिळतो!

दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट या तालुक्यांतील खारपाणपट्ट्यात अडचण निराळी आहे. शरदचर्येत क्षार वर्ज्य, आणि तेथील विहिरींच्या पाण्यात नेमका तोच. हे पाणी दिल्यास काळी जमीन चोपण होते, निचरा थांबतो. म्हणून तेथील वैद्यांनी वेल पोळ्यापूर्वी, पावसाच्या ओलाव्यावरच लावण्यास सांगावे. शेततळे असल्यास त्यातील पाणी फुलोऱ्यासाठी राखावे. मुळ्यास खारे पाणी सोसत नाही, पालकास बरेच सोसते. मात्र अश्मरीच्या रुग्णास, परसात कितीही पिकला तरी, पालक देऊ नये.